फिरायला जातो ना, मग झालं!

घरातल्या चार माणसांना ‘जरा वेगळा व्यायाम करा’ म्हटलं, तर मी काय कुणाची इस्टेट मागितली?

सासरे रोज सकाळी आमच्या ठाण्यातल्या कचराळी तलावावर जातात. कौतुकच आहे, पंचाहत्तरीला टेकलेत. पण फेऱ्या मारायच्या एक-दोन आणि मग बाकावर बसून समोरच्या महापालिकेनं काय करायला हवं ते ठरवायचं! इकडे खुर्चीतून उठायला हातांवर जोर द्यावा लागतो, मोजे घालताना भिंत धरावी लागते. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम करावेत, म्हणजे पडणं टळतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी म्हटलं, बाबा, ओट्याला धरून टाचा वर-खाली करा, खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. तर म्हणे, ‘मला आता पहिलवान व्हायचंय का?’ नाही हो बाबा, बाथरूममध्ये पडू नका, एवढंच म्हणणं आहे!

नवऱ्याची तऱ्हा निराळी. मनगटावर घड्याळ आणि डोक्यात दहा हजार पावलं. रात्री साडेअकराला हॉलमध्ये सोफा ते टीव्ही, टीव्ही ते सोफा येरझाऱ्या, कारण आकडा थोडक्यात अडकलाय. खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करतात. कुणाकडे? माझ्याकडे! हा दहा हजारांचा आकडा म्हणजे काही वैद्यकीय नियम नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र या आकड्याचं नाव देऊन विकायला काढलं, तेव्हापासून तो जगाच्या मानगुटीवर बसलाय. चालणं चांगलंच, पण आठवड्यातून दोन दिवस स्नायूंनाही काम द्यायला सांगितलंय, त्याचं काय? मोठ्या हौसेनं डंबेल आणले. त्यातला एक सध्या बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलाय. दुसरा कुठे आहे, देव जाणे.

सासूबाईंचं ठरलेलं, ‘दिवसभर राबते तोच माझा व्यायाम.’ यातलं अर्धं खरं आहे, घरकाम हालचालीत धरतातच, म्हणून तर तोंड उघडता येत नाही. पण गुडघे कुरकुरतात म्हणून मांड्यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टनं लिहून दिलेत, तो कागद देवघराच्या ड्रॉवरमध्ये अगरबत्त्यांखाली पडलाय.

चिरंजिवांना मात्र मी बोलत नाही. त्याच्या वयात रोज तासभर दमायला हवं. पण सोसायटीत खाली गाड्या, आणि उरलेल्या जागेत ‘चेंडू खेळण्यास मनाई’ची पाटी. पोरगं दमणार कुठे, लिफ्टमध्ये?

आणि खरा संताप पुढेच आहे. बदल सगळ्यांचा, राबणार मी! रविवारी येऊरच्या डोंगरात चालायला जायचं ठरलं. पाण्याच्या बाटल्या मी भरल्या, मुलाचे बूट माळ्यावरून मी काढले, बाबांची गोळी, आईंची टोपी, सगळं मीच. गाडीत बसल्यावर भुरभुर पाऊस आला आणि सर्वानुमते गाडी मिसळ खायला वळली. वर ऐकवलं काय, तर ‘तूच म्हणत होतीस ना, सगळ्यांनी मिळून काहीतरी करूया?’ रश्श्यात पाव बुडवताना नवरा घड्याळाकडे बघून म्हणाला, ‘आज पावलं कमी होणार.’ मी चमचा खाली ठेवला. एकानंही विचारलं नाही की का.

या सगळ्यात माझा व्यायाम कधी, हा प्रश्न आजवर कुणाला पडलाय? सकाळी सहाचा योगवर्ग मी सोडला, कारण नेमका त्याच वेळी बाबांना चहा लागतो. चहा! चार हातीपायी धड माणसं घरात असताना!

तर सोमवारपासून मी सहाला निघणार. चहाची पूड वरच्या फडताळात, डाळींच्या डब्यांमागे ठेवली आहे. हात वर ताणावे लागतील.