देशभर दारू बंद करायचीय? मग जरा अमेरिकेला विचारा

देशभर दारूबंदी करायचं तुमच्या मनात असेल तर उगाच नवीन डोकं चालवू नका, अमेरिकेने १९२० ते १९३३ अशी तेरा-चौदा वर्षं हा प्रयोग थेट राज्यघटना दुरुस्त करून केलाय, नुसती कॉपी मारा.

आधी कायदा नीट लिहा. बनवणं बंद, विकणं बंद, ने-आण बंद. आणि पिणं? छे, पिण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. शिवाय १९१९ च्या जानेवारीत दुरुस्ती मंजूर करून अंमल वर्षभराने सुरू करा, म्हणजे पैसेवाल्यांना तळघर भरून घ्यायला सवड मिळते, आधी घेतलेली घरातल्या घरात प्यायली, पाहुण्यांना पाजली तरी गुन्हा नाही. ज्याच्याकडे तळघरच नाही त्याने संस्कार जपावेत.

आता समजा तुम्ही पिणारे आहात. मग सरळ आजारी पडा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर केमिस्टकडे दर १० दिवसांना एक पाइंट, म्हणजे जवळपास अर्धा लिटर, व्हिस्की मिळायची, औषध म्हणून. हसू नका, आपल्या महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परमिट मिळतं तेही 'आरोग्य राखण्यासाठी'च, आपण शुक्रवारी जिथे बसतो त्याला परमिट रूम म्हणतात ते काय उगाच? आजारपण नको असेल तर देवाचं करा, धार्मिक विधींच्या वाइनला सूट होती आणि तिचा खप बंदीनंतर भलताच वाढला. तेही नको तर द्राक्षरसाची वाळवलेली वीट आणा. विटेसोबत सूचना असायची की ही पाण्यात विरघळवून वीस दिवस कपाटात ठेवू नका हं, वाइन होईल! इतकी प्रामाणिक रेसिपी मी तरी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

जंगलात भट्टी लावणार असाल तर बुटांना गाईचे खूर ठोकून घ्या, पोलिसांना वाटतं गुरं गेली. आणि तुम्ही स्वतःच पोलीस असाल तर काय, सोन्याहून पिवळं. सिएटलचा रॉय ओल्मस्टेड पोलिसात लेफ्टनंट होता, दारू आणताना पकडला गेला, नोकरी गेली, मग हाच धंदा त्याने फुल टाइम केला.

बंदी राबवायला माणसं नेमताना पगार मात्र कमी द्या, बाकीचं हप्ते बघून घेतील. चुकून न्यूयॉर्कच्या इझी आइनस्टाइनसारखा कामाचा माणूस आलाच, जो वेषांतर करून गुत्त्यात शिरायचा, खिशात लपवलेल्या नरसाळ्यातून पुरावा बाटलीत जमा करायचा, आणि ज्याने जोडीदारासोबत पाच हजारांच्या जवळपास लोक पकडले, तर १९२५ मध्ये दोघांनाही घरी पाठवा. त्याच सुमारास संसदेच्या ऑफिस बिल्डिंगमध्येच एक हिरव्या हॅटवाला खासदारांना बाटल्या पोचवत होता, त्याला १९२५ मध्ये एकदा पकडलं तरी त्याचा धंदा मात्र १९३० पर्यंत चालूच होता.

इतकं करूनही लोक पितातच? मग कारखान्यातल्या स्पिरिटमध्ये मेथॅनॉल नावाचं विष वाढवायचा हुकूम काढा. चोरलेलं तेच स्पिरिट गल्लीबोळात विकलं जातं हे तुम्हाला माहीत असतंच. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये माणसं हॉस्पिटलात आली, काहींची नजर गेली, काही परत घरी गेलीच नाहीत, तेव्हा बंदीचे पुढारी वेन व्हीलर यांचं म्हणणं असं की असलं पिणारा जाणूनबुजून आत्महत्याच करतो. हे वाक्य पाठ करा, लागेल. मेले ते चिठ्ठीवाले नव्हते आणि तळघरवालेही नव्हते.

राहिला शिकागोचा दारूमाफिया अल कपोन. त्याला १९३१ मध्ये ११ वर्षं ठोठावली, इन्कम टॅक्स भरला नाही म्हणून. यातूनच मिसिसिपी राज्याने बहुतेक धडा घेतला, देशातली बंदी १९३३ ला उठली तरी यांनी १९६६ पर्यंत आपली धरून ठेवली, आणि १९४४ पासून त्याच बेकायदा दारूवर टॅक्सही व्यवस्थित गोळा केला.