नाव, नंबर, जन्मतारीख वाटून झाली, आता सेल्फी पाहिजे म्हणे

काल रात्री पावणेबाराला, मी खेळतो त्या ऑनलाइन गेमवाल्यांचा मेल आला. वर नेहमीचं ड्रॅगनचं रंगीत चित्र, मला वाटलं उन्हाळी सेल लागला असेल. खाली जात राहिलो, नव्या सीझनचं कौतुक, टीमचं आपल्यावरचं प्रेम, आणि मग चौथ्या परिच्छेदात, लग्नघरी कोणी गेल्याची बातमी कानात सांगतात तसं हळूच, की बाप्पा, काही खेळाडूंची काही माहिती अनधिकृत लोकांच्या हाती लागली असण्याची शक्यता आहे. काही खेळाडू म्हणजे कोण बे? आमच्या क्लॅनमधल्या, म्हणजे गेममधल्या आमच्या टोळीतल्या, झाडून सगळ्या पोट्ट्यांना मेल आला. काही माहिती म्हणजे काय, तर नाव, ईमेल, मोबाईल नंबर, जन्मतारीख आणि आजवर काय काय विकत घेतलं त्याची यादी. मग उरलं काय, रक्तगट?

चोरी मार्चमधली. मेल नवतपात, म्हणजे मे संपता संपता. मधल्या काळात हेच लोक मला दर दोन दिवसांनी ‘तुझी आठवण येते, खेळायला ये’ म्हणून नोटिफिकेशन पाठवत होते, तेव्हा बरोबर सापडत होता माझा पत्ता.

बरं हेही गिळलं. पासवर्ड बदलू म्हटलं. तर यांनी सगळ्यांनाच लॉगआऊट करून ठेवलं आणि रिसेटची लिंक येतच नाही, स्पॅममध्ये नाही, प्रमोशनमध्ये नाही, कुठेच नाही. अर्ध्या तासाने एक बटण दिसलं, ‘ओळख पटवा’. दाबलं. तर काय लिहिलं होतं माहीत आहे? सरकारी ओळखपत्र हनुवटीच्या खाली धरून, दोन्ही कान दिसतील असा सेल्फी अपलोड करा. कान! म्हणजे ज्यांना माझा दहा आकडी मोबाईल नंबर सांभाळता आला नाही त्यांना मी आता आधार द्यायचं, चेहऱ्यासकट, कानांसकट, आणि हे म्हणे माझ्याच सुरक्षेसाठी. चोरी तुमच्याकडे झाली ना? मग ओळख मी काऊन पटवू? तुम्ही पटवा ना की तुम्हीच ते आहात ज्यांना मी पैसे देत होतो.

आता बारा वाजून गेलेले, बाहेर अजून गरम वारा, कूलरमधलं पाणी संपलेलं, मी बनियनवर, हनुवटीखाली आधार. त्यातही शहाणपणा केला, मास्क्ड आधार काढलं, ज्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, सरकारनेच ही सोय दिली आहे. अपलोड केलं. नामंजूर, ‘दस्तऐवजावरील क्रमांक अपूर्ण आहे.’ अरे भैताडा, तेच तर आहे ना त्याचं काम! लाईटखाली गेलो, नामंजूर, चकाकी येते. लाईटपासून दूर गेलो, अंधुक आहे. मग घाम पुसून काढला, तर म्हणतो चेहरा झाकलेला आहे. कशाने झाकलाय, दुपट्ट्याने? एवढ्यात बायको उठून आली, दारात उभी राहून पाहिलं, म्हणाली, ‘हे काय करून राहिले तुम्ही? बँकेत केवायसीला चला म्हणून महिनाभर मागे लागली मी, तेव्हा वेळ नव्हता तुम्हाला.’ आणि गेली. कूलरमध्ये पाणी टाका हेही सांगून गेली.

मग चॅटवर गेलो. चॅटवर माणूस नाही, बॉट, त्याला कुण्या पोरीचं गोड नाव दिलेलं. ‘तुम्हाला किती त्रास होत असेल हे मी समजू शकते’ आणि पुढे जांभळं हृदय. मला या प्रकाराची जी चीड आहे ना, सांगता येत नाही. माणूस असशील तर शिव्या खा, मशीन असशील तर काम कर, पण ही मशीनची माया मला नको. मी लिहिलं, माणसाशी बोलायचंय. बॉट म्हणतो, नक्कीच, त्याआधी कृपया आपली ओळख पटवा. फिरून फिरून भोपळे चौकात.

आणि तो मेलमधला एक मुद्दा तर मी सकाळी पोह्यांवर तर्री घेता घेताही चावून राहिलो होतो. ठळक अक्षरात लिहिलंय की तुमच्या कार्डाची माहिती सुरक्षित आहे. म्हणजे उपकार केले आमच्यावर! अरे, ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनेच दुकानदारांना कार्डाचे नंबर साठवून ठेवायची बंदी केली आहे, नंबराऐवजी टोकन, म्हणजे बदली आकडा, वापरावा लागतो. तुमच्याजवळ नव्हतंच ते, म्हणून वाचलं. असतं तर तेही गेलं असतं जन्मतारखेसोबत. पासवर्ड ‘सुरक्षित स्वरूपात’ होते म्हणे. कुठल्या स्वरूपात? हॅश, म्हणजे पासवर्डचा उलटा न फिरवता येणारा खिमा, कुठला, त्यात सॉल्ट, म्हणजे मिसळायची वेगळी अक्षरं, होतं की नव्हतं, एक ओळ लिहायला काय झालं होतं? ड्रॅगनच्या पंखांवर दोन परिच्छेद लिहिता तुम्ही.

सिक्युरिटी प्रश्नांचं तर विचारूच नका. आईचं माहेरचं आडनाव! हा प्रश्न ज्याने काढला त्याने मराठी लग्नपत्रिका जन्मात पाहिली नसेल. आमच्याकडे मामाचं नाव आडनावासकट छापून, गावासकट, पाचशे घरी स्वतः नेऊन देतात. ते काय गुपित आहे का?

यात नवीन काही नाही हेही मला माहीत आहे. सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क २०११ च्या एप्रिलमध्ये असंच फुटलं होतं, ७ कोटी ७० लाख खाती. २० तारखेला नेटवर्क बंद केलं आणि माहिती गेली हे लोकांना सांगितलं २६ तारखेला, त्या सहा दिवसांवरून जगभर बोंब झाली. तीन आठवड्यांहून जास्त काळ नेटवर्क बंद. पण निदान त्यांचे मोठे साहेब कॅमेऱ्यापुढे कमरेतून वाकले, फुकट गेम दिले, आणि पुढे २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये अडीच लाख पौंडांचा दंडही बसला. झिंगा या गेम कंपनीचं २०१९ मध्ये झालं तेव्हा १७ कोटींच्या वर खाती गेली, लोक शब्दांचे खेळ खेळत होते बिचारे. आमच्यावाल्यांचा साहेब वाकणं तर दूर, मेलखाली नावही नाही. ‘तुमची लाडकी टीम’. लाडकी!

ग्रुपवर पाहा तर वेगळाच कल्ला. मानेवाड्याचा पोट्टा, जो आमचा क्लॅन लीडर आहे, त्याचा पहिला प्रश्न, ‘सर्व्हर रविवारपर्यंत चालू होईल ना? वॉर आहे.’ दुसरा म्हणतो माझ्याजवळ लपवण्यासारखं आहेच काय. हे वाक्य बोलणाऱ्याचा फोन दोन मिनिटं मागून पाहा, कसा छातीशी धरतो. तिसरे आमचे वकील भाऊ, धरमपेठेत बसतात, रात्री एक वाजता त्यांनी व्हॉइस नोट टाकली, आणि खरं सांगतो, ऐकून डोकं अजून फिरलं. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, सुरक्षा नीट ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. मी म्हटलं वा! तर म्हणतात थांब, मोठी कलमं लागू व्हायला नियमांपासून अठरा महिने, आणि दंड सरकारच्या तिजोरीत जातो, तुला त्यातला रुपया नाही. आणि २०२२ पासून अशी घुसखोरी कळली की ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षावाल्या संस्थेला, कळवायचा नियम आहे. सरकारला सहा तासांत. आणि आम्हाला? आम्हाला ड्रॅगनच्या खाली, सवडीने.

नंबर तर आमचा असाही गावभर झालाच आहे. बर्डीवर चपला घ्यायला गेलो होतो, काउंटरवरचा पोट्टा म्हणतो, सर नंबर? मी म्हटलं आठ. म्हणे चपलेचा नाही, मोबाईलचा. काऊन बे? चपलेला फोन करतोस का? नाही दिला तर बिल निघत नाही म्हणे, सिस्टीममध्ये. ही सिस्टीम कोण आहे ते मला एकदा भेटायचंय. लॉजवर आधारची झेरॉक्स, सिम घेताना आधार, सोसायटीच्या गेटवर वहीत नाव नंबर वेळ, आणि ती वही दिवसभर उघडी टेबलवर, कोणीही यावं वाचावं. झेरॉक्सवाल्याकडच्या खराब कॉप्या कुठे जातात ते समोस्याच्या पुड्या उलगडून पाहा कधी. लोकं आपले देऊन राहिले. आणि मीही.

पण या वेळी जरा जास्तच झालं. आज दुपारी फोन आला. बाई एकदम गोड, ‘क्या मेरी बात तर्रीकिंग जी से हो रही है?’ तर्रीकिंग हे माझं गेममधलं नाव आहे. मी ऑफिसात, बाजूला साहेब, फोन स्पीकरवर. तर्रीकिंग जी, आपके अकाउंट में रिफंड है, बस एक ओटीपी बताइए. ओटीपी काही दिला नाही, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार करतो म्हटलं तर कट केला. पण साहेब तेव्हापासून माझ्याकडे पाहून हसून राहिले, आणि संध्याकाळी निघताना म्हणाले, ‘चला तर्रीकिंग, उद्या ती फाईल द्या.’ पासवर्ड बदलता येतो हो. ऑफिसातलं नाव कसं बदलू?

आता कोणी शहाणा म्हणेल सोडून दे ना भाऊ ती गेम. सोडली असती. चाळिशी उलटलेला माणूस आहे मी, केस पांढरे, गुडघ्याचा आवाज येतो, आणि रात्री एक वाजता आधार धरून बसलोय कशासाठी, तर लेव्हल ६२ चा एक दाढीवाला योद्धा आत अडकलाय त्याला सोडवायला. पण तो मी घडवला ना! लॉकडाऊनपासूनची मेहनत आहे, पैसे गेलेत, किती ते बायकोला कळू नये म्हणून इथे लिहीत नाही, आणि खरेदीची यादी चोरांजवळ आहे याची खरी भीती मला तेवढ्यासाठीच आहे. विकत घेतलेलं सगळं यांच्याच घरात, चावी यांच्याजवळ. रागावून मी जाऊ कुठे? बँक आवडली नाही तर पैसे काढून दुसरीत टाकता येतात, इथे दाढीवाल्याला कुठे नेऊ? हे यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर लाडकी टीम.

आणि भरपाई काय दिली माहीत आहे? ५०० कॉइन आणि एक पोपटी रंगाची ढाल. त्यात ५०० कॉइनला साधी तलवारही येत नाही. आणि ती भरपाई घ्यायला लॉगिन पाहिजे, लॉगिनला ओळख, ओळखीला कान. बसा!

आधारऐवजी लायसन्सही चालतं असं आता बॉट म्हणतो. माझ्या लायसन्सवर विशीतला फोटो आहे, तेव्हा मिशी नव्हती आणि गाल आत होते, त्यात माझा मला मी ओळखू येत नाही तर त्या मशीनला काय येणार डोंबलं. तरी आत्ता कूलरमध्ये पाणी टाकून, शर्ट घालून, भिंतीला टेकून पुन्हा बसतो. ज्या कोणाचं मास्क्ड आधार पास झालं असेल त्याने प्लीज सांगा, उजेड कोणत्या बाजूने ठेवला होता, त्या पोपटी ढालीची मुदत शनिवारी संपते.