गार्ड काढायला सांगणाऱ्या ‘अनुभवी ठेकेदारा’ला उत्तर

‘तीस वर्षं घरं दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराचे सल्ले, जे मशीन विकणारे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या जो तो पुढे ढकलतो आहे. ताईने तो घरच्या ग्रुपवर टाकला. नुसता तेवढाच असता तर मी वाचून सोडून दिला असता, पण खाली भाच्याने विचारलं, “मामा, माझ्या ग्राइंडरचं गार्ड पान्याने निघतं का?” त्याला घरी पुस्तकांसाठी मांडणी करायची आहे. फळ्या आणून झाल्या आहेत आणि आता या मेसेजच्या भरवशावर तो त्या ग्राइंडरने कापायला निघाला होता. त्याला फोन करून सांगितलं. पण मेसेज तर अजून फिरतोच आहे.

मेसेज लिहिणाऱ्याचं म्हणणं असं: ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे फिरत्या चकतीवरचं लोखंडी झाकण, काढून टाका, म्हणजे काम नीट दिसतं आणि मोठी चकतीही बसते. त्यालाच लाकडाचं दातेरी ब्लेड लावलं की वेगळी करवत घ्यायला नको. कुठलंही मशीन चालवताना जाड हातमोजे घाला. धूळ उडाली तर पाणी मारा, तोंडाला रुमाल पुरे. भिंत ठोकून पाहा, पोकळ वाजली तर बिनधास्त पाडा. तीन पिनांचा टॉप बसत नसेल तर अर्थिंगची पिन कापा. ब्रेकर सारखा पडत असेल तर मोठा बसवा. आणि महाग मशीन घेण्यापेक्षा चांगलं ब्लेड, चांगलं बिट घ्या.

शेवटचा सल्ला बरोबर आहे. बोथट ब्लेड लाकूड कापत नाही, जाळतं. मग माणूस जोर लावतो आणि जोर लावला की हात सटकतो. साध्या मशीनला धारदार ब्लेड लावलं तर काम खरोखर सुधारतं. हे मान्य. पण या एका खऱ्या वाक्याच्या आधाराने बाकीचे सातही सल्ले लोकांच्या गळी उतरतात, म्हणूनच हा मेसेज जास्त घातक आहे.

सगळ्यात आधी गार्ड आणि दातेरी ब्लेड, कारण भाचा नेमकं तेच करणार होता.

पाच इंची ग्राइंडर रिकामा फिरतो तेव्हा त्याचा वेग मिनिटाला साधारण ११,००० फेरे असतो. १२५ मिमी व्यासाच्या चकतीची कड त्या वेगात सेकंदाला सुमारे ७२ मीटर, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास धावते. घासणारे कठीण कण आणि राळ दाबून केलेल्या कटिंग चकत्या साधारणपणे सेकंदाला ८० मीटर या मर्यादेसाठी बनवलेल्या असतात. म्हणजे पाच इंची मशीनवर पाच इंची चकती हद्दीच्या आत राहते, पण फार आत नाही. आता गार्ड काढून तिथे सात इंची चकती लावा. ती बसते, कारण पाच इंची आणि सात इंची चकत्यांचं मधलं भोक एकाच मापाचं असतं. मशीन मात्र तेच, वेग तोच. कडेचा वेग जातो सेकंदाला १०३ मीटरवर. चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० मीटरला जो ताण असता त्याच्या दीडपटीहून जास्त. सात इंची चकतीवर जास्तीत जास्त वेग ८,५००च्या आसपास छापलेला असतो, तो याच हिशोबाने. छापलेला आकडा न वाचता चकती चढवायची आणि वर तिच्या आणि आपल्या चेहऱ्याच्या मध्ये असलेलं लोखंडही काढून ठेवायचं, हा सल्ला कुणी कुणाला कसा देऊ शकतो?

‘गार्डमुळे दिसत नाही’ ही तक्रार मला कळते. कोपऱ्यात काम करताना गार्ड खरंच आडवं येतं. पण ते फिरवता येतं, त्यासाठीच त्याला क्लॅम्प किंवा खटका दिलेला असतो. गार्ड अशा बाजूला फिरवायचं की चकती फुटली तर तुकडे आपल्यापासून लांब जातील, आणि आपण चकतीच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. नवी चकती लावल्यावर एक मिनिट मशीन रिकामं, पूर्ण वेगाने, माणसांपासून दूर धरून चालवायचं. चकतीत दोष असेल तर ती बहुतेक त्या मिनिटातच फुटते. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख कोरलेली असते, तीही बघायची. राळेच्या चकत्या ओल खाऊन कमजोर होतात, म्हणून ती मुदत उत्पादनापासून साधारण तीन वर्षांचीच असते. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली चकती ‘नवीच आहे, वापरली कुठे’ म्हणून लावू नये.

आता लाकडाचं ब्लेड. इथे मला फार वाद घालायची गरज नाही, ग्राइंडरच्या खोक्यातलं पुस्तक उघडा. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की या मशीनला लाकूड कोरायचं साखळी-ब्लेड किंवा दातेरी करवतीचं ब्लेड लावू नका, कारण त्याने वारंवार उलटा झटका बसतो आणि मशीनवरचा ताबा सुटतो. हे एका कंपनीचं मत नाही. हातातल्या विजेच्या हत्यारांसाठीच्या आयईसी ६२८४१ या आंतरराष्ट्रीय मानकातला हा इशारा आहे, म्हणून कुठल्याही नावाच्या ग्राइंडरच्या पुस्तकात तो जवळपास त्याच शब्दांत सापडतो. मशीन विकणारे सांगत नाहीत म्हणे! त्यांनी छापून दिलंय, वाचलं मात्र कुणी नाही.

झटका का बसतो तेही सांगतो, कारण कारण कळलं की मोह आवरतो. लाकडाच्या आत ताण असतो. कापत गेलो की चीर कधी उघडते, कधी मिटते. मिटली की ती ब्लेडला चिमटीत धरते. राळेची चकती अशा वेळी घासते किंवा तुटते. दातेरी ब्लेड लाकडात चावा घेतं आणि अख्खं मशीन उलट्या दिशेने उसळतं. सर्क्युलर सॉला, म्हणजे गोल ब्लेडच्या हातातल्या करवतीला, खाली सपाट पाया असतो, तो लाकडावर टेकलेला असल्याने कापाची खोली आणि कोन ठरलेला राहतो. त्याला स्प्रिंगचं खालचं गार्ड असतं, ते ब्लेड बाहेर आलं की आपोआप मिटतं. बोट काढलं की बटण सुटतं. ग्राइंडरला यातलं काहीच नाही. पाया नाही, दाताला साजेसं गार्ड नाही, आणि बऱ्याच ग्राइंडरचं बटण पुढे सरकवलं की अडकून बसतं, त्यामुळे हातातून निसटलेलं मशीन चालूच राहतं. माणसाला दचकून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात ब्लेडचे छत्तीस फेरे झालेले असतात. इथे हात सरावलेला असण्याचा प्रश्नच येत नाही, तेवढा वेगवान हात कुणाचाच नसतो.

‘पण ब्लेडच्या पाकिटावर ११,००० लिहिलंय’ असं भाच्याने लगेच म्हटलं. लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ एवढाच की त्या वेगाला ब्लेड फुटणार नाही. ते हातात आवरेल, असं पाकीट कुठेच म्हणत नाही. ग्राइंडरने लाकडाचं काम करायचंच असेल तर पॉलिशपेपरची चकती लावून घासा. कापायला जिगसॉ आहे, सर्क्युलर सॉ आहे. आणि मांडणीच्या चार फळ्या कापायला हातकरवत पुरते. वेळ लागतो, लागू दे.

हा सल्ला देणारा म्हणतो की त्याने तीस वर्षं असंच काम केलं आणि त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. असतील. ज्यांची नाहीत, ते असे मेसेज लिहीत नाहीत. गार्ड रोजच्या हजार कापांसाठी नसतंच, ज्या एका कापात लाकूड चिमटतं त्याच्यासाठी असतं. वाचलेल्या माणसाच्या अनुभवातून त्या कापाबद्दल काहीच कळत नाही.

हातमोज्यांचं अर्धं खरं आहे. ग्राइंडरवर ठिणग्या आणि कण उडतात, तिथे अंगठ्यापासून मनगटापर्यंत घट्ट बसणारे हातमोजे हवेत. मशीनचं पुस्तकही तेच सांगतं. पण ‘कुठलंही मशीन’ हे साफ चुकीचं. स्टँडवरचं ड्रिल, टेबल सॉ, लेथ यांच्याजवळ सैल हातमोजा म्हणजे फिरत्या भागाला दिलेलं टोक. बिटला कापड गुंडाळलं की ते बोट आणि मनगट सोबत ओढून नेतं. उघड्या कातडीला ओरखडा आला असता, तिथे हात पिरगळतो. मी ज्या वर्कशॉपमध्ये शिकलो तिथे ड्रिलसमोर हातमोजे घातलेल्या मुलाला आधी मशीनवरून उठवायचे, मग बोलायचे. लांब बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस, ओढणी यांनाही हाच नियम.

धुळीबद्दल मेसेजमध्ये एकच ओळ आहे आणि ती वाचून मला खरा राग आला. काँक्रीट, वीट, टाइल, ग्रॅनाइट कापताना जी बारीक धूळ निघते तिच्यात सिलिका असते. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. कर्करोग राहू द्या, सिलिकोसिस घ्या. फुप्फुसात चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत. या रोगावर बरा करणारा इलाज नाही. किचनच्या ओट्याला वापरतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या दगडात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांवर जाऊ शकतं. तो कापणाऱ्या तरुण कामगारांची फुप्फुसं निकामी होऊ लागली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून त्यावर बंदीच घातली. आणि आपण रुमाल बांधायला सांगतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान असतात, विणलेल्या कापडातून ते सरळ पार होतात. धूळ दिसायची थांबली तरी ते हवेत तरंगतच असतात. किमान एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा, चेहऱ्याला चिकटून बसणारा मास्क हवा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पाण्याने धूळ दबते, हे मात्र खरं. पण पाण्याची नळी जोडायची सोय असलेली कटर मशीन वेगळी असते. साध्या ग्राइंडरच्या मोटरला हवा खेळायला खाचा असतात. त्याच्यावर बाटलीने पाणी ओतत बसणं म्हणजे हातात धरलेल्या चालू मोटरमध्ये पाणी सोडणं.

भिंत ठोकून पाहण्याबद्दल थोडक्यात. ठोकल्यावर गिलावा सुटलाय का, ते कळतं. वर काय टेकलंय ते कळत नाही. पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीही भार घेतात, आणि त्याही पोकळच वाजतात. कॉलम-बीमच्या इमारतीत मधल्या विटांच्या भिंती बहुतेक वेळा नुसत्या आडोशाच्या असतात, एवढं त्या ठेकेदाराचं खरं धरू. पण ती इमारत तशीच बांधलेली आहे, नंतर कुणी फेरफार केलेले नाहीत, हे नकाशा पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं असतं, हातोड्याने नाही. वायरिंगसाठी झिरी मारतानाही बेत हवा. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून खोल नको. कॉलमला तर हातच लावू नका, सळईवरचं काँक्रीट जेमतेम ४० मिमी असतं. ते फोडलं की सळईला गंज लागायची वाट मोकळी होते.

उरली वीज. काही मशीनना दोनच पिना असतात आणि ते बरोबर आहे. त्यांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, त्यांना अर्थिंग लागत नाही. बहुधा हे अर्धवट ऐकूनच पिन कापायचा सल्ला निघाला असावा. ज्या मशीनला कंपनीने तिसरी पिन दिली, तिची धातूची बॉडी त्या पिनेला जोडलेली असते. ती कापली की आत वायर सुटल्यावर करंट जायला तुमचाच हात उरतो. टॉप बसत नसेल तर सॉकेट बदला.

मोठ्या ब्रेकरचं उत्तर आकड्यात आहे. साधा ब्रेकर, म्हणजे एमसीबी, वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. तो १६ ॲम्पियरचा असेल तर त्याच्यापुढे माणसाच्या अंगातून जाणारा करंट काहीच नाही, तो पडणारच नाही. माणसासाठी ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी असतो, म्हणजे १६ ॲम्पियरच्या पाचशेव्या भागाहूनही कमी गळती झाली तरी लाइन तोडणारा. एमसीबी पडतो तेव्हा एका लाइनवर जास्त बोजा आलेला असतो किंवा कुठेतरी शॉर्ट झालेला असतो. तिथे त्याच वायरवर मोठा ब्रेकर बसवला की आता ब्रेकरऐवजी भिंतीतली वायर तापणार. आरसीसीबी पडत असेल तर गळती आहे: मशीनमध्ये ओल गेली असेल, वायरचं आवरण कुठेतरी सोललं असेल. ते शोधा. एक्स्टेंशनची वायर गुंडाळीतून पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तापते.

काम सुरू करण्याआधी आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून पाहा. लाइन गेली नाही तर त्या लाइनवर कुठलंही मशीन लावू नका. गेली तरी त्यावरून एवढंच कळतं की आरसीसीबी चालू आहे. अर्थिंग धड आहे की नाही, ते वायरमनकडून मीटर लावून वेगळं तपासून घ्यावं लागतं.