हाताची घडी, नाकावरचं बोट आणि ते ९३ टक्के

स्पर्धा परीक्षांच्या मुलाखतींचा हंगाम आला की पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एक मेसेज फिरू लागतो: ‘संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. हाताची घडी म्हणजे बचाव. नाकाला हात लावला म्हणजे खोटं. हात मांडीवर ठेवा, अजिबात हलवू नका.’ यातलं एकही वाक्य तपासायला घेतलं तर टिकत नाही.

आधी आकडे, म्हणजे शब्द वगळून उरणारे ते ९३ टक्के (३८ आणि ५५). ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन प्रयोगांतले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, दुसऱ्यात ‘कदाचित’ अर्थाचा एकच इंग्रजी शब्द आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. ओळखायचं काय, तर बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड. म्हणजे ते ५५ टक्के चेहऱ्याचे, हातवाऱ्यांचा त्यात संबंधच नाही. भावना आणि आवडनिवड सोडून हे सूत्र लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. पॅनेलने जलसंधारणावर विचारलं तर उत्तर शब्दांतच द्यावं लागतं.

आता घडी आणि नाक. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९६९मध्ये हालचालींचे पाच वर्ग केले, ते हालचाल काय काम करते यावरून: ठरलेल्या अर्थाच्या खुणा, बोलण्याला जोड देणारे हातवारे, भाव दाखवणाऱ्या हालचाली, बोलण्याची पाळी सांभाळणाऱ्या, आणि स्वतःला चाचपणाऱ्या. शब्दासारखा पक्का अर्थ फक्त पहिल्या वर्गाला, तोही त्या त्या समाजापुरता. नाक चोळणं शेवटच्या वर्गातलं. त्यातून फार तर अस्वस्थता कळेल, कारण कळणार नाही. घडीमागे एसीची थंडीही असू शकते. नाट्यशास्त्रातल्या एकहाती २४ मुद्रांपैकी पहिली, पताक, प्रसंगानुसार कितीतरी अर्थांनी वापरतात. जिथे अर्थ मुद्दाम बसवलेत तिथे ही गत. राहिलं खोटं पकडणं: २००६च्या एका मोठ्या आढाव्यात लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाला.

हात बांधून ठेवायचा सल्ला तर सरळ नुकसान करतो. जन्मांध माणसं समोरच्या अंध माणसाशी बोलतानाही हातवारे करतात. हात बोलणाऱ्याच्या विचारालाच मदत करत असतात. ते दाबले की निम्मं लक्ष हातांवरच जातं आणि उत्तर अडखळतं.

त्यापेक्षा मॉक मुलाखतीचं रेकॉर्डिंग घ्या. नाव-गाव-शिक्षणाची पहिली दोन मिनिटं म्हणजे त्या उमेदवाराची नेहमीची ढब. पुढचा भाग आवाज बंद करून बघा आणि ढब बदलली तिथली वेळ टिपा. मग आवाज लावून त्या वेळी प्रश्न काय होता ते पाहा; बहुतेकदा तयारीतली फट तिथेच सापडते. पेनची टकटक होत असेल तर पेन खिशात, अंगठी फिरत असेल तर ती घरी. मुद्दा मांडताना उठणारे हात मात्र तसेच राहू द्या.