आत्या, किरणं आणि चाळीस सेकंद

सदाशिव पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला आणि आत्या आमच्याकडे कोथरूडला राहायला आली. सोबत चार पितळी पातेली, एक जपमाळ आणि भाच्यांनी वर्गणी काढून घेऊन दिलेला मोबाईल. पातेल्यांचा काही त्रास नाही. जपमाळेचाही नाही.

तिसऱ्या दिवशी मी आमटीचा वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बटण दाबलं. "अरे मेल्या, किरणं!" असं ओरडून आत्या नाकाला पदर लावून बाल्कनीत पळाली. किरणं नाकातून शिरतात हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. बाकीचं मोबाईलने सांगितलं होतं: त्यातलं अन्न किरणोत्सारी होतं, रक्त नासतं, आणि हा निरोप अकरा जणांना पाठवा.

तेव्हापासून घरात नियम झाला. बटण दाबलं की 'टिंग' वाजेपर्यंत सगळ्यांनी बाल्कनीत. बायको, मुलगा, मी, आत्या. दिवस एप्रिलचे, बाल्कनी पश्चिमेची. समोरच्या इमारतीतल्या काकांनी आमची काही तरी उपासना सुरू झाली असं समजून एकदा खालूनच नमस्कार केला.

मी समजावायला बसलो. ही किरणं रेडिओच्या जातीची, एक्स-रेच्या नव्हे. अणूतला इलेक्ट्रॉन उपटण्याएवढा दम त्यांच्यात नाही. 2450 मेगाहर्ट्झने पाण्याचे रेणू घुसळायचे, की आमटी तापली. आणि बंद केल्यावर दिवा मालवल्यासारखं, मागे काही उरत नाही.

"मग दाराला जाळी कशाला? डासांसाठी?"

"आत्या, लाट बारा सेंटीमीटरची आणि भोक जेमतेम मिलिमीटरभर. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला छोटी दिंडी आहे ना, तिच्यातून हत्ती जाईल का?"

"हत्तीचं मला सांगू नकोस. हत्ती दिसतो तरी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी उन्हावर घसरलो. म्हटलं, तू जिथे जाऊन उभी राहतेस त्या उन्हातली अतिनील किरणंच कातडीला जास्त वाईट. आत्या शांतपणे म्हणाली, "रोज अर्घ्य देते मी त्याला. तो माझं वाईट करायचा नाही."

मग इतिहास काढला. 1945 साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचे गृहस्थ रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे ही किरणं तयार करणाऱ्या नळीजवळ, उभे होते, तर खिशातलं चॉकलेट वितळलं. त्यातून हे यंत्र निघालं.

"आता कुठे असतात ते?"

"वारले. 1970 साली."

"बघ!"

शेवटी मुलाने तोडगा काढला. मायक्रोवेव्ह बंद ठेवून आत्याचा मोबाईल आत ठेवायचा, दार लावायचं आणि त्यावर फोन करायचा. वाजला नाही तर डबा घट्ट. मी हो म्हटलं, आणि माझं चुकलं. फोन लावताच आतून गणपतीची आरती दणदणीत सुरू झाली. आत्याने सवयीने हात जोडले, मग माझ्याकडे पाहिलं.

मी घाम पुसत सांगितलं, की मोबाईलला वॅटच्या अब्जाव्या भागाहून कमी शक्ती पोचली तरी तो वाजतो. ओव्हनचा नियम वेगळा आहे. पाच सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलिवॅटपर्यंत गळती चालते, आणि पुढे अंतर वाढेल तशी ती भराभर घटत जाते.

"म्हणजे गळतंय."

"नियमात बसेल इतकंच."

"गळतंय ना?"

"...हो."

बायको तेव्हापासून माझ्याशी शास्त्र या विषयावर बोलत नाही.

आत्याने मात्र यातून स्वतःचा निष्कर्ष काढला. मोबाईललाही किरणं असतात हे तिला तिच्याच मोबाईलने कळवलं होतं. गळो, पण निम्मी किरणं तरी आत अडकतील, असं म्हणून ती रोज रात्री फोन मायक्रोवेव्हमध्ये ठेवून दार लावते. उशाशी ठेवण्यापेक्षा बरं. त्यामुळे मला पहाटे आधी फोन बाहेर काढायचा आणि मग दूध आत ठेवायचं असं बजावून ठेवलंय.

परवा डोळ्यांवर झोप होती. दुधाचा मग आत सरकवला, दार लावलं, घरातले सवयीने बाल्कनीत गेले. चाळीस सेकंद लावून बटणावर बोट टेकवणार, तोच मगामागून आरती सुरू झाली.

बाल्कनीतून आत्याचा आवाज आला, "अरे, उचला रे कुणीतरी!"