‘परदेशी कंपनीच कर भरते ना?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. परदेशातून ऑनलाइन केलेल्या खरेदीवरच्या जीएसटीबद्दलच्या लेखावर तुम्ही बरंच लिहिलं आहे. त्याचं सार असं : ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी कंपनीच कर भरते, तेव्हा छोट्या व्यावसायिकाला आरसीएमची (रिव्हर्स चार्ज, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने जीएसटी भरायचा) भीती घालू नये, भरला तरी त्याच महिन्यात क्रेडिट (भरलेल्या कराची विक्रीवरच्या करातून वजावट) मिळतं, म्हणजे हा नुसता कागदी खेळ, वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला काहीच लागू नाही, आणि लहानसहान पार्सलवर कर लागत नाही. शेवटी विचारलं आहे, ‘समजा लागत असेल, तर मागच्या दोन वर्षांचं काय करायचं?’

पहिला मुद्दा निम्मा खरा आहे, आणि सगळा गोंधळ त्या निम्म्यामुळेच होतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून आयजीएसटी (आयात आणि आंतरराज्य व्यवहारांवरचा जीएसटी) कायद्यातल्या दोन व्याख्या बदलल्या. त्याआधी परदेशी ऑनलाइन सेवा कोणत्या कामासाठी घेतली हे पाहिलं जायचं. घरगुती वापर असेल तर कर परदेशी कंपनीने भरायचा, धंद्यासाठी असेल तर घेणाऱ्याने. आता काम पाहिलं जात नाही, घेणाऱ्याची जीएसटी नोंदणी आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. नोंदणी नसेल तर सॉफ्टवेअर, क्लाउड, होस्टिंग, स्टॉक फोटो यांसारख्या ऑनलाइन सेवांवरचा १८ टक्के आयजीएसटी परदेशी कंपनीने बिलात लावून जीएसटीआर-५ए या तिच्या विवरणपत्रात भरायचा. तुमचं म्हणणं इथे बरोबर आहे. पण नोंदणी असेल तर जबाबदारी पूर्वीसारखीच तुमची. २८ जून २०१७ च्या अधिसूचना क्रमांक १०/२०१७ (इंटिग्रेटेड टॅक्स, रेट) मधली पहिलीच नोंद हे सांगते, आणि २०२३ च्या बदलाने ती जबाबदारी गेलेली नाही. मूळ लेख नोंदणी असलेल्यांसाठीच होता.

त्यामुळे पहिलं काम बिल उघडून डोक्यावरचं नाव वाचण्याचं. ब्रँड परदेशी असला तरी बिल भारतातल्या कंपनीचं असू शकतं. अनेक मोठ्या क्लाउड आणि जाहिरात कंपन्या भारतीय उपकंपनीमार्फत बिल देतात. त्यावर विक्रेत्याचा भारतातल्या राज्याचा जीएसटी क्रमांक असतो, कर लावलेला असतो, आणि तो तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर मिळणाऱ्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत) दिसतो. तिथे आरसीएमचा संबंधच नाही. डॉलरमधली किंमत पाहून असल्या बिलावर पुन्हा आरसीएम भरणारेही आहेत, ते पैसे उगाच अडकतात. बिल परदेशातल्या पत्त्यावरून आलं असेल आणि जीएसटी क्रमांक ९९ ने सुरू होत असेल, तर ती ऑनलाइन सेवांसाठी नोंदणी केलेली परदेशी कंपनी. क्रमांकच नसेल तर साधी परदेशी कंपनी.

सगळ्यात जास्त नुकसान यातल्या ९९ वाल्या बिलात होतं. नोंदणी असलेला व्यावसायिक खातं उघडताना बिलिंगच्या पानावर आपला जीएसटी क्रमांक टाकत नाही. कंपनी त्याला नोंदणी नसलेला ग्राहक धरते आणि १८ टक्के लावते. त्याला वाटतं, कर भरला गेला. पण जीएसटीआर-५ए मधून ही रक्कम त्याच्या २बी मध्ये येत नाही, त्यामुळे क्रेडिट नाही. आणि तो नोंदणीकृत असल्यामुळे आरसीएमची जबाबदारी कायद्याने शिल्लकच. एकाच सेवेवर दोनदा कर. उपाय दोन मिनिटांचा आहे : खात्याच्या बिलिंग किंवा टॅक्स सेटिंगमध्ये जीएसटी क्रमांक आणि नोंदणीतलंच नाव टाका, मागची बिलं दुरुस्त करून मागा. मागची बिलं मिळतीलच असं नाही, पण पुढचा गळका नळ तरी बंद होतो. क्रमांक टाकल्यावर पुढच्या बिलातला १८ टक्के कर निघून जातो. ती सवलत समजू नका. कर भरायची जबाबदारी तिथून तुमच्याकडे आली, एवढाच त्याचा अर्थ.

आता ‘कागदी खेळ’. आकडे घेऊन पाहू. वर्षाचा प्लॅन १,२०० डॉलर, हिशेबाला डॉलर ८५ रुपये धरू. मूल्य १,०२,००० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे १८,३६० रुपये आयजीएसटी. क्रेडिट लेजरमध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या खात्यात) दोन लाख पडून असले तरी ते इथे वापरता येत नाहीत. आरसीएमचा कर कॅश लेजरमधूनच, म्हणजे रोखीने, भरावा लागतो. त्याच महिन्याच्या जीएसटीआर-३बी या कर भरायच्या विवरणपत्रात तक्ता ३.१(ड) मध्ये जबाबदारी दाखवायची आणि ४(अ)(२) मध्ये, म्हणजे सेवांच्या आयातीच्या रकान्यात, तेवढंच क्रेडिट घ्यायचं. ज्याच्याकडे विक्रीवरचा कर दरमहा भरायला असतो त्याचा हिशेब तिथेच मिटतो. त्याच्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

पण कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायच्या योजनेतल्या) दुकानदाराला क्रेडिट नाही. तो सीएमपी-०८ या त्याच्या तिमाही फॉर्ममध्ये हा कर पूर्ण १८ टक्क्यांनी भरतो, त्याचा एक टक्का वगैरे दर इथे चालत नाही. त्याला १,०२,००० चा प्लॅन १,२०,३६० ला पडतो, आणि घेण्याआधी तुलना याच आकड्याने करायला हवी. एलयूटीवर, म्हणजे कर न भरता हमीपत्र देऊन, निर्यात करणाऱ्याकडे वळता करायला विक्रीवरचा करच नसतो. त्याचं क्रेडिट साचत जातं आणि आरएफडी-०१ हा अर्ज भरून परतावा मागावा लागतो. तोवर रोख अडकलेली. ज्याची काही विक्री करमाफ आहे, त्याला प्रमाणात क्रेडिट सोडावं लागतं. तेव्हा ‘कागदी खेळ’ ही वरच्या चार प्रकारांपैकी एकाचीच गोष्ट आहे, आणि नेमकं त्याच एकाला डोळ्यासमोर ठेवून बाकीच्यांना सल्ला दिला जातो.

कागदांचं म्हणाल तर ते फार नाहीत, पण तारखा सांभाळाव्या लागतात. नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून आरसीएमखाली सेवा घेतली की बिल तुम्हीच तुमच्या नावे बनवायचं, त्याला सगळे सेल्फ इनव्हॉइस म्हणतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून नियम ४७अ नुसार ते सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत झालं पाहिजे. त्यावर परदेशी कंपनीचं नाव-पत्ता, तिच्या मूळ बिलाचा क्रमांक, सेवेचा कोड (सॉफ्टवेअर वापराच्या परवान्याला ९९७३३१, होस्टिंगला ९९८३१५), पुरवठ्याचं ठिकाण म्हणून तुमचं राज्य आणि कर मात्र आयजीएसटीच्याच रकान्यात. राज्य महाराष्ट्र दिसतं म्हणून हिशेबाचं सॉफ्टवेअर आपोआप सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा) असे कराचे दोन तुकडे करतं, तिकडे लक्ष ठेवा. पैसे देताना पेमेंट व्हाउचरही करायचं असतं, ते बहुतेक जण विसरतात. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात या बिलांवरचा कर दाखवायचा नाही, फक्त तक्ता १३ मध्ये दिलेल्या दस्तऐवजांत त्यांची संख्या येते.

कर कोणत्या महिन्याचा, हे पैसे दिल्याची तारीख किंवा सेल्फ इनव्हॉइसची तारीख, जी आधी येईल तिने ठरतं. कार्डावरून आपोआप कापले जाणारे प्लॅन असतील तर कापल्याची तारीखच धरायची. सेवांसाठी विनिमय दर त्या तारखेचा, हिशेबाच्या मान्य पद्धतीनुसार. सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला दर मालासाठी असतो, तो इथे लावू नका. बँकेने कार्डावर लावलेलं परकीय चलनाचं शुल्क ही बँकेची वेगळी सेवा आहे, ते या मूल्यात मिसळू नका.

आता नोंदणीच्या वीस लाखांच्या मर्यादेबद्दल. ती मर्यादा (फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात चाळीस लाख) जीएसटी कायद्याच्या कलम २२ ची. कलम २४ तिच्यावर मात करतं, आणि आरसीएमखाली कर भरावा लागणारी व्यक्ती त्या कलमाच्या यादीत आहे. नोंदणी नसलेल्याने ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं तर २०२३ नंतर तो यातून सुटला, ही त्या बदलातली खरोखर चांगली बाजू. पण धंद्यासाठी परदेशातल्या डिझायनरकडून लोगो करून घेतला, सल्लागाराला फी दिली, तर ती माणसाने केलेली सेवा आहे, ऑनलाइन सेवांच्या व्याख्येत ती बसवणं अवघड. ईमेलने फाइल आली एवढ्याने ती ऑनलाइन सेवा होत नाही. तिथे आरसीएम लागतो आणि त्यापाठोपाठ नोंदणीही. वर्षाला सहा लाखांची उलाढाल असणाऱ्याला एका लोगोपायी दरमहा किंवा दर तिमाही विवरणपत्रं भरत बसावं लागणं मला स्वतःला अन्यायाचं वाटतं, पण कायदा सध्या असाच आहे.

उलट बाजूही सांगतो, कारण परदेशात दिलेला प्रत्येक रुपया यात येत नाही. परदेशातल्या प्रदर्शनात स्टॉल घेतला तर पुरवठ्याचं ठिकाण प्रदर्शन जिथे भरतं ते. परदेशातल्या हॉटेलचंही तसंच, इमारत जिथे ते ठिकाण. ती सेवांची आयात नाही, आरसीएम नाही. ऑनलाइन जाहिरातींसाठी परदेशी कंपनीला दिलेल्या पैशांवर जीएसटीखेरीज जे ६ टक्के समकरण शुल्क लागायचं, तेही १ एप्रिल २०२५ पासून संपलं आहे.

पार्सलचा मुद्दा मात्र पूर्ण चुकीचा आहे. धंद्याच्या मालाला ‘इतक्या रकमेखाली माफ’ अशी सोय आपल्याकडे नाही. भेटवस्तू म्हणून पाच हजारांपर्यंत सूट होती, तिच्या आडून ऑनलाइन खरेदी येऊ लागली म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये, राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून, ती वाट बंद झाली. हिशेब असा : भाडं आणि विमा धरून मालाचं मूल्य ४०,००० रुपये, मूळ सीमाशुल्क समजा १० टक्के म्हणजे ४,०००, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ४००. आयजीएसटी या सगळ्यावर, म्हणजे ४४,४०० वर १८ टक्के, ७,९९२. एकूण १२,३९२ पैकी क्रेडिट फक्त ७,९९२ चं. ४,४०० मालाच्या किमतीत गेले. हा कर सीमेवरच भरला जातो, त्यामुळे इथे आरसीएम नाही आणि नुसत्या माल आयातीमुळे जीएसटी नोंदणी सक्तीची होत नाही. आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी मात्र लागतो. फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो पोर्टलवर अद्ययावत करायचा.

क्रेडिट जातं ते कुरिअरच्या टप्प्यावर. ऑर्डर मालकाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नावाने दिली की कुरिअरवाला आधार कार्ड मागतो, पार्सल वैयक्तिक आयात म्हणून सोडवतो, आणि बिल ऑफ एंट्रीवर (सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या आयातीच्या कागदावर) तुमचा जीएसटी क्रमांक येतच नाही. म्हणून पार्सल निघायच्या आधीच आयईसी, जीएसटी प्रमाणपत्र आणि अधिकारपत्र कुरिअरकडे द्या, आणि ऑर्डरवरचं नाव आयईसीवरच्या नावाशी अक्षरशः जुळवा. क्रेडिट बिल ऑफ एंट्रीवर मिळतं, कुरिअरने दिलेल्या वसुलीच्या पावतीवर नाही. कुरिअरच्या सेवाशुल्कावरचा जीएसटी वेगळा, त्याचं क्रेडिट त्याच्या बिलावरून. बिल ऑफ एंट्री २बी मध्ये दिसत नसेल तर जीएसटी पोर्टलवर ‘सर्च बीओई’मध्ये पोर्ट कोड, क्रमांक आणि तारीख टाकून ती मागवता येते.

राहिलं मागच्या दोन वर्षांचं. २६ जून २०२४ चं परिपत्रक क्रमांक २११ इथे उपयोगी पडतं. नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून आरसीएमखाली घेतलेल्या सेवेसाठी, ज्या आर्थिक वर्षात तुम्ही सेल्फ इनव्हॉइस काढता तेच वर्ष क्रेडिटच्या मुदतीसाठी धरायचं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे जुन्या खर्चाचं सेल्फ इनव्हॉइस आज काढा, कर चालू ३बी मध्ये ३.१(ड) खाली रोखीने भरा, क्रेडिट त्याच विवरणपत्रात घ्या. उशिराचं व्याज तक्ता ५.१ मध्ये, वर्षाला १८ टक्क्यांनी, मूळ देय तारखेपासून. वरच्या १८,३६० रुपयांना १४ महिने उशीर झाला असेल तर व्याज साधारण ३,८५६ रुपये, आणि त्याचं क्रेडिट मिळत नाही. उशिरा बिल काढल्याबद्दल दंडाची शक्यता परिपत्रकातच नोंदवली आहे, तरी नोटीस येण्याआधी स्वतःहून भरलेलं केव्हाही स्वस्त पडतं. ऑगस्ट २०२४ पासून पोर्टलवर आरसीएमची जबाबदारी आणि क्रेडिट यांचं वेगळं स्टेटमेंट आहे. कर न भरता नुसतं क्रेडिट घेतलं तर तफावत तिथे लगेच दिसते, म्हणून दोन्ही आकडे एकाच महिन्यात टाका.