जुना डेक, सततचा पाऊस आणि वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली चाललेली लूट

रंगाच्या डब्यावर सगळ्यात मोठा शब्द कुठला, तर वॉटरप्रूफ. त्याखाली टपोऱ्या थेंबाचं चित्र आणि इतक्या इतक्या वर्षांची हमी. डबा फिरवून मागचं बारीक टायपातलं वाचा. हमी म्हणजे काय, तर फार फार तर डब्याचे पैसे परत. घासायची मजुरी, कुजलेल्या फळ्या, हातचे गेलेले कोरडे दिवस, यातलं काहीही त्यात बसत नाही. डोकं फिरतं हे वाचून.

पावसाळी हवेत जुना लाकडी डेक, म्हणजे घराला लागून बाहेर बांधलेला फळ्यांचा उघडा ओटा, कायमचा वॉटरप्रूफ होत नाही, हे एवढंच विकणाऱ्यांनी सांगायला हवं आणि तेवढंच ते सांगत नाहीत. भिंतीवरचं पाणी ओघळून जातं. डेकच्या फळ्या आडव्या, त्यांच्यावर पाणी बसून राहतं. वरून ऊन, माणसांची ये-जा, खुर्च्यांची सरकासरकी. लाकूड भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं, आणि वरचा वॉर्निशचा किंवा रंगाचा जाड थर तेवढा ताण सोसत नाही. केसाएवढी चीर पडते. तिथून पाणी आत जातं आणि मग बाहेर यायला त्याला वाटच उरत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. ३० च्या आसपास पोचली की तिला मोकळं रान. पाणी अडवायला म्हणून मारलेल्या थराखाली ही ओल आठवडेच्या आठवडे कोंडून राहते, आणि हे सगळं पैसे मोजून करून घ्यायचं!

आमच्याकडे हेच झालं. काम घेणाऱ्याने जाड चकचकीत कोट चढवला आणि वर छातीठोकपणे सांगितलं की आता बरीच वर्षं बघायला नको. पायरीजवळच्या फळीवरचा पोपडा परवा नखाने उचलला. बाहेर लख्ख ऊन, आणि पोपड्याखाली लाकूड काळं, ओलं, वास मारणारं. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर जोर न लावता आत गेलं. वरून मात्र ती फळी अजून चकाकत होती.

आणि फळीची टोकं! फळीचं जिथे कापलेलं टोक असतं तिथून पाणी सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगाने आत ओढलं जातं. कुजायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा तिथूनच, नाहीतर स्क्रूच्या भोकांतून. दिसणारा भाग आरशासारखा करून ठेवला आणि एकाही टोकाला ब्रश लावला नाही. टोकं दिसत नाहीत ना, मग कशाला!

सल्ले देणारेही काही कमी नाहीत. ‘प्रेशर वॉशरने धुऊन टाका.’ जुन्या मऊ पडलेल्या लाकडावर जोराचा फवारा मारला की तंतू सोलून निघतात आणि फळीवर चर पडतात, ते कायमचे. सोडियम परकार्बोनेट या मळ काढणाऱ्या पावडरचं पाणी आणि ब्रश घेऊन घासलं, मग ऑक्झॅलिक ॲसिडने उजळवलं, तर काम होतं, पण त्याला वेळ लागतो आणि वेळ कुणाला द्यायचा नसतो. ‘मशीनने घासून काढा.’ अहो, लाकूड कधीचं आहे हे आधी विचाराल की नाही? जुन्या काळी टिकाऊपणासाठी लाकडात आर्सेनिक हे विष असलेलं रसायन मुरवत असत. अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबलं. तसल्या लाकडाची भुकटी पोरंबाळं असलेल्या घरात उडवायची? ‘अळशीचं तेल लावा, जुना खात्रीचा उपाय.’ दमट हवेत त्या तेलावर बुरशी पोसते आणि डेक काळा पडतो. वर त्या तेलाचे बोळे करून टाकलेले फडके आपोआप पेट घेऊ शकतात, हे सांगायला यांच्यातलं कुणी तोंड उघडत नाही.

खरं काम काय आहे ते सरळ सांगतो. जुना थर पूर्ण काढायचा. उन्हाने करडा पडलेला वरचा भागही काढायचा, कारण त्या सैल तंतूंवर काहीच धरत नाही. मग लाकूड वाळू द्यायचं, ओल १५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत. फळीवर पाण्याचे थेंब टाकून बघायचे. काही मिनिटांत जिरले तर लाकूड तयार आहे, तसेच उभे राहिले तर अजून नाही. मग लाकडात मुरणाऱ्या तेलकट स्टेनचा, म्हणजे थर न धरणाऱ्या पातळ रंगाचा, एक हलका हात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेला सगळा पुसून घ्यायचा, नाहीतर चिकट थर बसतो आणि पुन्हा तेच रडगाणं. आणि हे दर एक-दोन वर्षांनी करायचं. त्यासाठी लागते आधी दोन-तीन दिवसांची आणि नंतर दिवस-दोन दिवसांची सलग उघडीप. आमच्या हवेत ती मिळवायची म्हणजे रोज अंदाज बघत बसायचं, आणि नेमका फळ्या उघड्या पडल्यावर पाऊस येतो.

बरं, एवढं करूनही डेक वाचवायचा तर वरचा रंग हा दुय्यम भाग आहे. फळ्यांमधल्या फटींत पाचोळा ठासून बसलेला असतो, तो ओला गोळा महिनोन्‌महिने खालच्या वाशांना भिजवत ठेवतो. कुंड्यांखालची जागा कधीच वाळत नाही. डेकखाली वारा खेळायला जागा नसेल तर फळ्या खालून ओल्याच राहतात. फटी साफ करणं, कुंड्या उचलून ठेवणं, वाशांच्या माथ्यावर ब्यूटाइलची, म्हणजे रबरासारखी चिकट, पट्टी बसवणं, यातलं काही डब्यात भरून विकता येत नाही, म्हणून त्यावर चकार शब्द नाही.

आणि सगळ्यात चीड येते ती घराच्या भिंतीला ठोकलेल्या तुळईची. डेकचा एका बाजूचा सगळा भार तिच्यावर असतो. तिच्या वर पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी नसेल तर भिंत आणि तुळई यांच्यामध्ये पाणी मुरत राहतं, लाकूड कुजतं, बोल्टची पकड जाते. डेक कोसळण्याच्या घटनांत हा जोड निसटणं हे नेहमीचं कारण आहे. आमच्याकडे तिथे पट्टीच नाही. काम घेणाऱ्याने तुळईच्या दिसणाऱ्या कडेवरूनही ब्रश फिरवला आणि पट्टी नाही हे त्याच्या तोंडून निघालं नाही. त्या डेकवर माणसं उभी राहतात! ब्रश हातात घेण्याआधी खाली वाकून तो जोड तपासायलाच हवा होता. तेवढं ज्याला जमत नाही त्याने डेकची कामं घेऊच नयेत.